दोन शेड सारख्याच वाटतात आणि रोज निर्णय बदलतो: नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

घराच्या भिंतीचा रंग निवडताना प्रॉब्लेम सगळ्यांचा एकच असतो. शेड कार्डातल्या ढीगभर चौकोनांतून छाटत छाटत दोन शेड उरतात, दोन्ही फिक्या, दोन्ही अगदी सख्ख्या बहिणी, आणि मग गाडी तिथेच अडते. सकाळी एक आवडते, संध्याकाळी दुसरी, दुसऱ्या दिवशी दोघींत काही फरकच दिसत नाही आणि तिसऱ्या दिवशी एवढा दिसतो की काल आपले डोळे कुठे होते असं वाटतं. पेंटर विचारतोय डबा कुठला आणू आणि आपण अजून मान वाकडी करून भिंतीकडे बघतोय.

आमच्याकडे दोन ग्रे होते, एकाच पट्टीवरचे, म्हणून घरात त्यांची नावंच पडली, वरचा आणि खालचा. नवरा तीन दिवस खालच्याच्या बाजूने भांडला. कार्ड घेऊन खिडकीशी उभा राहायचा, बघ किती शांत वाटतो, वरचा कसा मळकट आहे, वगैरे. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या हातातलं कार्ड उलटं करून मागची पेन्सिलची खूण वाचली तर तो वरचा होता. दोघंही गप्प. मी तरी कुठे ओळखला होता म्हणा.

त्यानंतर अजून दोन खोल्या झाल्या, एक भिंत परत रंगवावी लागली (ती गोष्ट खाली येईलच), आणि मग कळलं की "ठरत नाहीये" म्हणतो तेव्हा त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. मला या दोघांत फरक दिसतोय का, हा एक, आणि दिसत असेल तर मला कुठला हवा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर न घेताच आपण दुसऱ्यावर उडी मारतो, मधल्या मधे उजेड बदलतो, कार्डाची जागा बदलते, कोणीतरी पडदा सरकवतं, आणि आपण रंगांची तुलना करतोय असं समजून प्रत्यक्षात दुपार आणि रात्र यांची तुलना करत बसतो.

म्हणून आधी छोटं शेड कार्ड बाजूला ठेवा. पहिल्या छाटणीला ते ठीक आहे, पण दोन जवळच्या शेडमध्ये निवडायला त्याचा काही उपयोग नाही. बरीच कार्डं छापलेली असतात, म्हणजे तिथे पेंट नसतोच, शाई असते, कार्ड जुनं असेल तर उडालेलंही असतं, आणि दीड इंचाचा चौकोन बाजूच्या पाच चौकोनांत दाटीवाटीने बसलेला असतो. छोट्या तुकड्यावर "अगदी हलका" वाटलेला रंग मोठ्या भिंतीवर जास्त रंगीत वाटतो, हे जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत होतं.

सॅम्पलचा छोटा डबा मिळत असेल तर दोन्ही शेडचे घ्या आणि जाड पांढरा कार्डशीट ए३ साइजचा, त्यावर रोलरने दोन कोट, मधे नीट वाळू द्यायचं. ब्रशने नको, ब्रशच्या रेघा वेगळ्या चमकतात आणि भिंतीवर शेवटी रोलरच फिरणार असतो. कडेपर्यंत रंगवा, पांढरी बॉर्डर ठेवू नका, कारण पांढऱ्या चौकटीत कुठलाही फिका रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो. आणि कार्डं तीन करा. एका शेडची दोन, दुसरीचं एक. तीन का ते सांगते. मागे पेन्सिलने खूण करा, आमच्या अनुभवावरून सांगतेय.

थेट भिंतीवर पॅच मारायचा मोह होतोच, पेंटरही तेच सुचवतात. पण भिंतीवर जुना रंग असतो, तो एका कोटातून खालून डोकावतो आणि चारही बाजूंनी घेरून बसतो तो वेगळाच. पिवळट भिंतीवर ग्रेचा पॅच मारलात तर तो निळसर किंवा जांभळट दिसणार, त्यात पेंटचा काही दोष नाही. हे जुनंच दुखणं आहे. फ्रान्समधल्या गोबलँ या भिंतीवरचे चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्ह्रल नावाचा केमिस्ट रंगाई विभागाचा प्रमुख होता, त्याच्याकडे तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा वाटत नाही, विणल्यावर फिका पडतो. त्याने रंग तपासला तर रंगात काहीच खोट नव्हती, काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे विणले जात होते त्यांनी तो काळा बिघडवला होता. यावरून त्याने शेजारच्या रंगांचा नियमच मांडला, १८३९ साली. आपल्या खोलीत त्या धाग्यांच्या जागी कपाट असतं, सोफा असतो, पडदा असतो, एवढाच फरक.

वाळण्याबद्दल एक. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला पेंट, ओलं असताना फिकट दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, कारण त्यातला बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, पाण्यात तरंगत असतो तोवर पांढुरका असतो, पाणी उडालं की त्याची पारदर्शक फिल्म होते आणि खरा रंग वर येतो. त्यामुळे एक कार्ड तासाभरापूर्वीचं आणि एक कालचं अशी तुलना केलीत तर फरक दिसणारच, तो शेडचा नसतो. तिन्ही कार्डं एकाच दिवशी करा आणि दुसऱ्या दिवशी बघा, मधे हात लावू नका.

आता तीन कार्डांची टेस्ट

घरातल्या कोणाला तरी सांगा की तिन्ही कार्डं आपल्याला न दाखवता क्रम बदलून भिंतीला लावून ठेव, कडेला कड भिडवून, उभी. आपण आत यायचं आणि वेगळं कोणतं ते सांगायचं. असं सहा वेळा. नुसता अंदाज ठोकला तरी तीनात एकदा बरोबर येतंच, त्यामुळे सहापैकी दोन बरोबर आले म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. सहापैकी पाच किंवा सहा बरोबर आले तर मात्र तुम्हाला फरक खरंच दिसतोय, नशिबाने एवढं जमायची शक्यता शंभरात दोन इतकीच आहे. ही टेस्ट एकदा दिवसा करा आणि एकदा रात्री, ज्या दिव्यात खोली वापरता त्या दिव्यात.

याने माझी अर्धी भांडणं मिटली. नवऱ्याला दिवसा सहापैकी सहा ओळखता आले आणि रात्री दोन. मला रात्री तीन. म्हणजे आम्ही ज्या वेळी रोज वाद घालायचो, जेवणं झाल्यावर सगळे जमले की, त्या वेळी आम्हाला दोघांनाही फरक दिसतच नव्हता, आम्ही नुसते आठवणीवर भांडत होतो.

दोन माणसांचे निकाल वेगळे आले तर लगेच दुसऱ्याला वेड्यात काढू नका. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारात एकाला रंग ओळखण्यात कमीअधिक अडचण असते, बायकांमध्ये ते प्रमाण दोनशेत एक असं आहे, आणि वय वाढतं तशी डोळ्यातली भिंग पिवळट होत जाते, त्यामुळे निळसर छटांमधला बारीक फरक आईवडिलांना दिसेलच असं नाही. खोली ज्याची, त्याचे डोळे धरा.

दोन्ही वेळेला कोणालाच वेगळं कार्ड सापडलं नाही तर विषय संपला, कुठलाही घ्या, खरंच. लोकांना हे ऐकायला आवडत नाही कारण महिनाभर घोळ घातलेला असतो.

उजेड, जिथे खरी गडबड होते

समजा फरक दिवसा दिसतो आणि रात्री नाही, किंवा उलटं. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो तो बघा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० म्हणजे ट्यूबसारखा पांढरा-निळसर. आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा. पिवळसर बल्बखाली ऑफव्हाइट आणि क्रीम यांच्यातलं अंतर मिटून जातं कारण बल्ब दोन्हींवर स्वतःचा पिवळा ओततोय. ६५०० च्या दिव्याखाली तेच क्रीम मलूल, कधी हिरवट वाटायला लागतं.

त्यातून काही शेडची जोडी अशी असते की एका उजेडात तंतोतंत सारख्या आणि दुसऱ्या उजेडात लांबच्या नातेवाईक. याला मेटामेरिझम म्हणतात. कारण साधं आहे, ग्रे हा काही एक रंग नसतो, मिश्रण असतं, एका ग्रेमध्ये काळा आणि पिवळा ऑक्साइड टाकलेला असतो, दुसऱ्यात काळा, थोडा निळा आणि चिमूटभर लाल. दिव्यात ज्या रंगाचा प्रकाश कमी आहे तो भाग भिंत परत फेकूच शकत नाही, मग एका दिव्यात फरक उघडा पडतो आणि दुसऱ्यात झाकला जातो. दुसऱ्या कंपनीकडून "मॅच करून" घेतलेल्या शेडमध्ये हे हमखास होतं. मशीनवर जुळतं, आणि घरी येऊन खिडकीशी धरलं की कळतं.

दिव्याचा सीआरआय नावाचा आणखी एक आकडा असतो, रंग किती खरे दिसतात त्याचा. ८० चे दिवे सर्रास मिळतात, ९० च्या वरचे जास्त चांगले. यातली गोम अशी की तो सरासरी आकडा आठ फिक्या रंगांवरून काढतात आणि गडद लाल त्या आठांत नसतो, म्हणून ८० वाल्या काही एलईडींखाली गुलाबी झाक मारली जाते आणि दिवसा अचानक उगवते.

आमची ती भिंत याच्यातच गेली. रात्री, पिवळ्या बल्बखाली, दोन ग्रेमधला एक निवडला, मऊ वाटला, छान वाटला. भिंत रंगवून झाली, सकाळी पडदा सारला आणि समोर सरळ सरळ जांभळट भिंत. मला वाटलं डबा चुकला. झाकणावरचा कोड बघितला, बरोबर होता. मग कोणीतरी त्या भिंतीला लागून असलेलं लाकडी कपाट, ते नारिंगी-पिवळ्या पॉलिशचं, सरकवून दुसरीकडे नेलं आणि माझ्या डोळ्यांदेखत जांभळटपणा बराच कमी झाला. पूर्ण गेला नाही. थोडा पेंटमध्ये होताच, उरलेला कपाटाने चढवला होता. शेवटी कपाट जागेवरच राहणार होतं म्हणून भिंत बदलली.

तेव्हापासून मी कार्डं तीन वेळा बघते: सकाळी, दुपारी, आणि दिवे लावल्यावर, आणि त्याच भिंतीवर जिथे रंग लागणार आहे. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या खिडकीतून वर्षाचा बराचसा काळ थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा उजेड येतो, तो निळसर, त्यामुळे थंड ग्रे तिथे आणखी थंड होतो. दक्षिण गोलार्धात हेच दक्षिणेच्या खिडकीला लागू. पश्चिमेला संध्याकाळी तासभर सगळंच सोनेरी दिसतं, त्या तासात निर्णय घेऊ नका, त्या तासात काहीही सुंदर दिसतं. खिडकीबाहेर झाड असेल तर हिरवा उजेड आत येतो, हे कोणी मोजत नाही आणि नंतर भिंत हिरवट का म्हणून विचारतात.

बाहेरून आत आलात की दोन मिनिटं थांबा मग बघा, डोळ्यांना त्या उजेडाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि अगदी मंद उजेडात बघू नका. संधिप्रकाशात लालसर रंग काळवंडतात आणि निळे त्यामानाने उजळ दिसतात, हे डोळ्याचंच वैशिष्ट्य आहे, तेव्हा तिथे दोन शेडची तुलना म्हणजे वेळ घालवणं.

कार्ड आडवं की उभं, आणि कोपरा

बरेच जण कार्डं टेबलावर पसरून बघतात. टेबलावर उजेड वरून पडतो, भिंतीवर तिरका येतो, त्यामुळे तेच कार्ड टेबलावर एक आणि उभं धरलं की दुसरं दिसतं. खोलीतली खिडकीची भिंत स्वतः अंधारात असते आणि समोरची उजळ, म्हणजे एकच रंग दोन भिंतींवर दोन शेडसारखा दिसणारच आहे. दोन्हीकडे कार्ड फिरवून बघा. खिडकीच्या भिंतीवर जो तुम्हाला मळकट वाटत नाही तो निवडलेला बरा, असं माझं मत.

एक छोटा प्रयोग करून बघाच. रंगवलेलं एक जुनं कार्ड मधोमध दुमडा, रंग आत, पुस्तक अर्धवट उघडल्यासारखं धरा आणि घडीच्या आत बघा. घडीजवळ रंग जास्त गडद आणि जास्त रंगीत दिसतो, कारण एका पानावरचा उजेड दुसऱ्यावर जातो आणि प्रत्येक उडीला अजून रंगतो. तुमची खोली म्हणजे अशा चार घड्या. म्हणून एका भिंतीवरच्या पॅचवर "जेमतेम गुलाबी" वाटलेला रंग चारही भिंतींवर लागला की खोली गुलाबी होते. दोन शेड अगदी जवळच्या असतील आणि खोली लहान असेल तर मी डोळे झाकून कमी रंगीत असलेली घेते.

झाक पकडायची कशी

नुसत्या कार्डाकडे टक लावून झाक कळत नाही. शेजारी स्वच्छ पांढरा कागद धरला की ग्रेमधला हिरवट किंवा गुलाबी लगेच बोलतो. दुसरा उपाय, एका मध्यम ग्रे रंगाच्या जाड कागदाला दोन सारखी भोकं पाडा, बोटभर अंतरावर, आणि तो कागद दोन कार्डांच्या सांध्यावर धरून भोकांतून बघा. बाजूचा सोफा, फरशी, पडदा सगळं गायब होतं आणि फक्त दोन गोल राहतात. बाहेरून ज्या दोन शेड सारख्या वाटत होत्या त्यांच्यातला पिवळट-गुलाबी फरक यात पटकन दिसतो.

आणि कोड वाचायला शिका, तो फुकट सांगत असतो. एनसीएस नावाच्या रंगांच्या कोडपद्धतीतला कोड असेल, समजा एस १५०२-वाय आणि एस १५०२-वाय५०आर, तर पहिले दोन अंक काळेपणाचे, १५, पुढचे दोन रंगाच्या तीव्रतेचे, ०२, दोन्हीत सारखे. फरक फक्त शेपटीत, एक शुद्ध पिवळ्याकडे झुकलेला, दुसरा पिवळा आणि लाल यांच्या बरोबर मधे. म्हणजे उजळपणावरून भांडण्यात अर्थ नाही, प्रश्न एवढाच की झाक पिवळी हवी की नारिंगीकडची. आरएएल या दुसऱ्या कोडपद्धतीतल्या पांढऱ्यांत ९०१० आणि ९०१६ यांची लोक नेहमी गल्लत करतात, ९०१० उबदार, ९०१६ थंड, शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. एलआरव्ही दिलेला असेल तर तो ० ते १०० मधला आकडा म्हणजे भिंत किती उजेड परत देते ते. दोन शेडचा एलआरव्ही एकदोनाच्या फरकाने असेल तर उजळपणाचा मुद्दा सोडून द्या.

फोनवर फोटो काढून घरच्यांना पाठवून मत विचारणं बंद करा. फोन प्रत्येक फोटोत पांढरा स्वतःच्या मनाने ठरवतो, त्यामुळे दोन वेगळ्या फोटोंमधले दोन रंग म्हणजे काहीच नाही. पाठवायचाच असेल तर दोन्ही कार्डं एकाच फोटोत.

शेड ठरली, लावली, आणि "हा तो नाहीच" वाटलं तर

सगळ्यात आधी वाट बघा, पूर्ण वाळू द्या, दुसरा कोट होऊ द्या. एका कोटावर गळा काढू नका, खालचा रंग दिसत असतो.

मग ते ए३ कार्ड आणा, भिंतीला सपाट टेकवा, चार पावलं मागे या. कार्ड भिंतीत विरघळलं तर पेंट बरोबर आहे, त्रास उजेडाचा किंवा फर्निचरचा आहे, पेंटरवर ओरडू नका, दिवा बदलून बघा. विरघळलं नाही तर पहिला संशय फिनिशवर घ्यायचा. सॅम्पल मॅट (बिनचमकीचं) होतं आणि भिंतीवर सॅटिन (हलक्या चमकीचं) लावलं असेल तर कोड तोच असूनही भिंत गडद आणि जास्त रंगीत दिसेल, मॅट उजेड सगळीकडे पसरवतं म्हणून थोडं धुरकट, फिकट वाटतं. बाजूने तिरकं बघा, चमक आली तर कळलंच. दुसरा संशय बेसवर, म्हणजे ज्या मूळ पेंटमध्ये रंग मिसळून (टिंट करून) शेड बनवतात त्यावर, तीच शेड वेगळ्या प्रकारच्या पेंटमध्ये किंवा चुकीच्या बेसमध्ये टिंट केली की सरकते. तिसरा, डब्याडब्यातला फरक. एका भिंतीच्या मधोमध डबा बदलला असेल तर रेघ दिसते, आणि ती नंतर कितीही हात मारले तरी दिसत राहते कारण मग ते ठिगळ होतं. यावर उपाय सुरुवातीलाच असतो, सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकत्र ढवळायचे आणि मग सुरू करायचं. सुरुवातीला केलं नसेल तर निदान नवा डबा कोपऱ्यापासून सुरू करा, मधून नको, कोपऱ्यात दोन भिंती तशाही वेगळ्याच दिसतात.

उरलेला पेंट मोठ्या डब्यात तळाशी ठेवू नका, वर हवा राहते आणि साय धरते. छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत गळ्यापर्यंत भरा आणि वर चिकटपट्टीवर शेडचा कोड, फिनिश, बेस, बॅच नंबर, कुठली खोली आणि तारीख लिहा. आमच्या बरणीवर कोडच्या खाली नवऱ्याने "वरचा" असं लिहून ठेवलंय, आणि त्यावर माझा अजून विश्वास नाही.